लब्लाँ : फ्रान्समधले टोपणनाव, अकादियातले कुळ

लब्लाँ हे फ्रान्समधले एक जुने आणि दूरवर पसरलेले आडनाव आहे. 'ब्लाँ' म्हणजे पांढरा किंवा गोरा. त्याच्या आधीचा 'ल' हे फ्रेंच भाषेतले पुल्लिंगी उपपद. हा शब्द लॅटिनमधून आलेला नाही. फ्रँक लोकांच्या जर्मनिक बोलीत चमकणाऱ्या, लख्ख वस्तूसाठी जो शब्द होता तो फ्रेंचमध्ये रुजला आणि पांढऱ्या रंगासाठी रूढ झाला. गोरा वर्ण, पिंगट-पांढरे केस किंवा अकाली पिकलेले डोके असलेल्या माणसाला गावकरी 'ल ब्लाँ' म्हणत. आपल्याकडच्या गोरे, काळे, पिंगळे या आडनावांसारखीच ही घडण आहे.

फ्रान्समध्ये साधारण अकराव्या ते चौदाव्या शतकाच्या दरम्यान आडनावे वंशपरंपरागत झाली. त्याआधी माणसाला बाप्तिस्म्याचे एकच नाव असे. गावात लोकवस्ती वाढली, झाँ आणि पिएर ही नावे घरोघरी झाली आणि एकाला दुसऱ्यापासून वेगळे ओळखण्यासाठी आणखी एक नाव जोडावे लागले. कोणाला बापाचे नाव चिकटले (मार्तँ, बेर्नार), कोणाला राहत्या जागेचे (द्युपाँ, द्युब्वा), कोणाला धंद्याचे (लफेव्र म्हणजे लोहार, फुर्निए म्हणजे भट्टीवाला) आणि कोणाला रूपावरून किंवा स्वभावावरून पडलेले टोपणनाव. लब्लाँ या चौथ्या गटातले. या सवयीला पुढे राज्याने कायद्याची चौकट दिली. १५३९ मध्ये राजा पहिला फ्रान्स्वा याने विलेर-कोत्रे येथे काढलेल्या फर्मानानुसार प्रत्येक धर्मग्रामातील पाद्र्याने बाप्तिस्म्यांची नोंदवही ठेवणे बंधनकारक झाले. १५७९ च्या ब्ल्वा येथील फर्मानाने त्यात लग्ने आणि दफने यांची भर पडली. १६६७ पासून नोंदी दुहेरी प्रतीत ठेवाव्या लागल्या. कागदावर उतरलेले नाव सहजासहजी बदलेना, आणि क्रांतिकाळात, १७९४ मध्ये, जन्मनोंदीत नसलेले नाव धारण करण्यास कायद्यानेच मनाई केली.

उपपदासह असलेले रूप मुख्यतः उत्तर आणि पश्चिम फ्रान्समधले: नॉर्मंडी, पिकार्दी, आर्त्वा आणि आसपासचे प्रांत. दक्षिणेकडे उपपद गळते आणि नुसते 'ब्लाँ' उरते. लोहारासाठी उत्तरेत लफेव्र आणि दक्षिणेत फाब्र, तसाच हा भेद आहे. पण भौगोलिक पट्टा ठरला म्हणून कुळ ठरत नाही. गोऱ्या वर्णाची माणसे प्रत्येक जिल्ह्यात होती, त्यामुळे हे नाव शेकडो ठिकाणी स्वतंत्रपणे जन्मले. १७९१ मध्ये मिठापासून सोडा तयार करण्याच्या प्रक्रियेचे एकाधिकारपत्र मिळवणारे रसायनज्ञ निकोला लब्लाँ आणि आर्सेन ल्युपँ या चोराच्या कथा लिहिणारे, रुआँ शहरात १८६४ मध्ये जन्मलेले मोरिस लब्लाँ यांना केवळ आडनावाच्या आधारे एका घराण्यात बसवता येत नाही. फ्रान्समध्ये लब्लाँ हे नाव रक्ताच्या नात्याबद्दल जवळपास काहीच सांगत नाही.

अटलांटिकपलीकडे, आजच्या कॅनडातील नोव्हा स्कोशिया आणि न्यू ब्रन्सविक या प्रांतांत, हेच नाव बरेच काही सांगते. तिथले आणि अमेरिकेतील लुईझियानाचे बहुतेक लब्लाँ सतराव्या शतकाच्या मध्यात आलेल्या एकाच जोडप्याचे वंशज आहेत. हजारो कुळांचे एक नाव आणि हजारो माणसांचे एक कुळ, हा फरक घडवला तो अकादियाच्या इतिहासाने.

अकादिया ही फंडी उपसागराभोवतालची फ्रेंच वसाहत. १६०४ मध्ये प्येर द्युगा द मों आणि साम्युएल द शाँप्लँ यांनी सेंत-क्र्वा बेटावर पहिला हिवाळा काढला. तो इतका जीवघेणा ठरला की पुढच्याच वर्षी मुक्काम पोर-रॉयलला हलवावा लागला. शेतकरी कुटुंबे मात्र १६३२ नंतर येऊ लागली. त्या वर्षी इझाक द राझिली सुमारे ३०० माणसे घेऊन आला आणि त्याच्यानंतर शार्ल द मनू दोल्ने याने पोर-रॉयल हे वसाहतीचे केंद्र केले. दोल्नेच्या घराण्याची जमीन पश्चिम फ्रान्समधील लूदँ शहराच्या परिसरात होती. त्यामुळे अकादियातील कित्येक कुटुंबे तिथूनच आली असावीत, असे मत भाषाभ्यासक झनव्हिएव्ह मासिन्यों यांनी १९६२ च्या आपल्या ग्रंथात मांडले.

लब्लाँ घराण्याचा मूळपुरुष दानिएल लब्लाँ हा १६५० च्या सुमारास अकादियात स्थिरावला. फ्रान्समधील त्याच्या बाप्तिस्म्याची नोंद सापडलेली नाही, आणि त्याचे गाव म्हणून जी नावे सांगितली जातात ती अंदाजावर उभी आहेत. त्याची पत्नी फ्राँस्वाझ गोदे ही विधवा होती. पहिल्या लग्नाची मारी मेर्सिए नावाची मुलगी तिने सोबत आणली. फ्राँस्वाझचे वडील झाँ गोदे १६७१ च्या जनगणनेत ९६ वर्षांचे, म्हणजे वसाहतीतील सर्वांत वयोवृद्ध म्हणून नोंदले आहेत. ही जनगणना लोराँ मोलँ या पाद्र्याने घरोघर फिरून केली. तेव्हा अकादियातील सगळी फ्रेंच वस्ती जेमतेम चारशेच्या घरात होती. जनगणनेत दानिएलचे वय ४५ आणि फ्राँस्वाझचे ४८ दिले आहे. झाक, एतिएन, रने, आंद्रे, आँत्वान आणि पिएर असे सहा मुलगे आणि फ्राँस्वाझ याच नावाची विवाहित मुलगी, इतके हे कुटुंब होते.

दानिएलचे घर पोर-रॉयलच्या वरच्या अंगाला, दोफँ नदीच्या उत्तर काठावर, बेलील दलदलीजवळ होते. ही जागा अकादियन शेतीचे मर्म सांगते. उत्तर अमेरिकेतील इतर वसाहतवाले जंगल तोडून शेत काढत. अकादियन माणसाने समुद्राकडून जमीन घेतली. फंडीच्या उपसागरातील भरती-ओहोटी जगातील सर्वांत मोठी. उपसागराच्या टोकाच्या मिना खोऱ्यात पाणी १५-१६ मीटरपर्यंत चढते. भरतीखाली जाणाऱ्या गवताळ दलदलीभोवती हे लोक मातीचे बांध घालत. बांधाच्या पोटात लाकडी नाली बसवून तिला एकाच बाजूला उघडणारे झडप लावत. ओहोटीला आतले गोडे पाणी झडप ढकलून बाहेर पडे आणि भरतीचे खारे पाणी तेच झडप दाबून बंद करी. या योजनेला 'आब्वातो' म्हणत. दोन-तीन वर्षांच्या पावसाने जमिनीतले मीठ धुऊन गेले की तीत खताशिवाय गहू पिके. बांध घालणे आणि राखणे एकट्या घराचे काम नव्हते. भाऊ, मेहुणे, जावई सगळे लागत. मोठी कुटुंबे एकमेकांना धरून राहिली ती या बांधांमुळे, आणि आडनावाला कुळाचा अर्थ आला तोही इथेच.

दानिएल वसाहतीत वजनदार माणूस होता. १६९० मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या विल्यम फिप्सने पोर-रॉयल जिंकले आणि कारभारासाठी रहिवाशांचे एक छोटे मंडळ नेमले. त्यात दानिएलचे नाव आहे. त्याच दशकाच्या उत्तरार्धात तो वारला. तोपर्यंत त्याचे बहुतेक मुलगे मिना खोऱ्यात, ग्राँ-प्रे आणि आसपासच्या गावांत गेले होते. तिथली दलदल पोर-रॉयलपेक्षा विस्तीर्ण होती आणि अधिकारी दूर होते. सहापैकी पाच मुलग्यांचे वंश वाढले. एबेर, बुर्झ्वा, द्युगा, तेरिओ अशा जुन्या अकादियन घरांतल्या मुली लब्लाँ घरांत आल्या आणि लब्लाँच्या लेकी त्याच घरांत गेल्या. फ्रेंच नोंदवह्यांत लग्नानंतरही स्त्री माहेरच्याच आडनावाने लिहिली जाई, म्हणून हे सगळे धागे आजही उलगडता येतात. वंशवेल केवळ पुरुषांच्या ओळीने मोजली तर या घराण्याचा अर्धाच पसारा दिसतो.

१७५५ पर्यंत अकादियन लोकसंख्या तेरा-चौदा हजारांवर गेली होती आणि लब्लाँ हे तिच्यातील सर्वांत मोठे कुळ बनले होते. इतके झोझेफ, पिएर आणि शार्ल लब्लाँ झाले की आडनावाने माणूस ओळखणे अशक्य झाले आणि पुन्हा टोपणनावे आली. झोझेफ लब्लाँ 'दि ल मेग्र', म्हणजे हडकुळा म्हटला जाणारा, हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध. बापाचे आणि आजोबाचे नाव साखळीने जोडण्याचीही पद्धत होती: 'झोझेफ आ पिएर आ आँत्वान', म्हणजे आँत्वानच्या पिएरचा झोझेफ. एका टोपणनावातून निघालेले आडनाव कुळाने भरून गेल्यावर पुन्हा टोपणनावाच्याच आश्रयाला गेले.

१७१३ च्या उट्रेख्ट तहाने अकादिया ब्रिटनकडे गेला होता. अकादियन लोकांनी ब्रिटिश राजाशी निष्ठेची शपथ घेण्याची तयारी दाखवली, पण युद्धात कोणाविरुद्धही शस्त्र उचलणार नाही ही अट घालून. १७३० मध्ये गव्हर्नर फिलिप्सने ती अट तोंडी मान्य केली आणि हे लोक 'तटस्थ फ्रेंच' म्हणून ओळखले जाऊ लागले. त्या तटस्थतेत किती ताण होता ते दानिएलच्या दोन नातवांच्या आयुष्यांत स्पष्ट दिसते. ते एकमेकांचे चुलतभाऊ होते. रने लब्लाँ १७४४ मध्ये ग्राँ-प्रेचा नोटरी झाला. ज्याला काढून त्याला नेमले तो आलेक्साँद्र बूर हा झोझेफ ल मेग्रचा सासरा. रने ब्रिटिशांशी एकनिष्ठ राहिला आणि त्यापायी १७४९ मध्ये फ्रेंचांच्या बाजूने लढणाऱ्या मिकमाक या मूळनिवासी जमातीच्या योद्ध्यांनी त्याला पकडून नेले. झोझेफने उलट वाट धरली. १७४४ मध्ये फ्रेंच फौज मिनावर आली तेव्हा त्याने तिला गुरे पुरवली, त्याबद्दल ब्रिटिशांच्या कैदेत पडला आणि नंतर फ्रेंचांच्या ताब्यातील ईल रॉयाल बेटावर निघून गेला. १७५५ मध्ये आलेल्या हद्दपारीने या दोघांत काही भेद केला नाही.

५ सप्टेंबर १७५५ रोजी कर्नल जॉन विन्स्लोने ग्राँ-प्रे भागातील पुरुषांना आणि दहा वर्षांवरील मुलांना चर्चमध्ये बोलावले. ४१८ जण आले. दारे बंद झाली आणि लेफ्टनंट गव्हर्नर चार्ल्स लॉरेन्सचा हुकूम वाचून दाखवला गेला: जमिनी, घरे आणि गुरे राजाच्या मालकीची झाली, लोकांना वसाहतीबाहेर नेले जाईल. विन्स्लोने आपल्या रोजनिशीत कुटुंबप्रमुखांची यादी उतरवली, मुलगे किती, मुली किती, गुरे किती यांसह. त्या यादीत सर्वाधिक वेळा येणारे आडनाव लब्लाँ आहे. ज्या कागदाने या कुळाला मुळापासून उपटले, त्याच कागदात त्याच्या मिनामधील भरभराटीचा सर्वांत तपशीलवार हिशेब राहिला.

ऑक्टोबरपासून जहाजे भरू लागली. एकाच कुटुंबाची माणसे वेगवेगळ्या जहाजांवर गेली आणि जहाजे वेगवेगळ्या वसाहतींकडे: मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट, पेनसिल्व्हेनिया, मेरीलँड, व्हर्जिनिया. वृद्ध रने लब्लाँ पत्नी आणि दोन धाकट्या मुलांसह न्यूयॉर्कला उतरवला गेला. आणखी तीन मुले फिलाडेल्फियात असल्याचे कळल्यावर तो तिकडे गेला आणि तिथेच वारला. ब्रिटनची इतकी वर्षे सेवा केलेल्या माणसाची ही अवस्था फिलाडेल्फियातील अकादियन निर्वासितांनी राजाला लिहिलेल्या अर्जात नोंदवली. त्यातूनच हेन्री लाँगफेलोच्या १८४७ च्या 'इव्हँजेलिन' या दीर्घकाव्यात नोटरी लब्लाँ हे पात्र आले आणि हे आडनाव इंग्रजी वाचकांच्या घरात पोचले. १७६३ पर्यंत चाललेल्या धरपकडीत सुमारे दहा हजार माणसे हलवली गेली आणि त्यांपैकी हजारो रोगराईने, उपासमारीने आणि जहाजे बुडून मेली.

व्हर्जिनियाला गेलेल्यांचे हाल निराळेच. त्या वसाहतीने त्यांना ठेवून घ्यायला नकार दिला आणि १७५६ च्या उन्हाळ्यात हजाराहून अधिक लोक इंग्लंडला पाठवले गेले. लिव्हरपूल, ब्रिस्टल, साउथॅम्प्टन आणि फालमथ या बंदरांतील गोदामांत सात वर्षे काढताना देवीच्या साथीने त्यांतली शेकडो माणसे नेली. १७६३ च्या पॅरिस तहानंतर वाचलेले लोक फ्रान्समधील सें-मालो आणि मोर्ले येथे आणले गेले. दानिएल निघून गेल्याला शंभरावर वर्षे झाली होती. आता त्याचे पणतू फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरले ते निर्वासित म्हणून. त्यांना ना ते गाव माहीत होते, ना तिथली शेती.

त्यांपैकी ७८ अकादियन कुटुंबे १७६५ मध्ये ब्रिटनीच्या किनाऱ्याजवळील बेल-ईल बेटावर वसवली गेली. लब्लाँ त्यांत बरेच होते. झोझेफ ल मेग्र म्हातारपणी मिक्लाँ बेटामार्गे इथेच पोचला आणि १७७२ मध्ये बेटावरील केर्व्हो या वाडीत वारला. या लोकांच्या जन्म-लग्नांच्या वह्या अकादियात राहिल्या होत्या किंवा हरवल्या होत्या, आणि कागदाशिवाय फ्रान्समध्ये वारसाहक्क सिद्ध होत नव्हता. म्हणून १७६७ मध्ये सरकारी हुकमाने प्रत्येक कुटुंबप्रमुखाची जबानी घेण्यात आली. अकादियात आलेल्या मूळपुरुषापासून स्वतःपर्यंत पिढ्या सांगायच्या, साक्षीदारांनी दुजोरा द्यायचा आणि पाद्र्यांनी लिहून घ्यायचे. दानिएल लब्लाँ फ्रान्सहून पत्नी फ्राँस्वाझ गोदे हिच्यासह आला आणि पोर-रॉयलला स्थायिक झाला, ही माहिती या जबान्यांत आहे. चार-पाच पिढ्यांची आठवण बाप्तिस्म्याच्या नोंदीइतकी भक्कम नसते. फ्राँस्वाझचे माहेर आधीपासून अकादियात होते हे लक्षात घेता ते लग्न तिथेच झाले असणे अधिक संभवते. तरीही घरदार, जमीन, गुरे सगळे गमावलेल्या माणसांनी तोंडपाठ नातेवाईक मोजून दाखवावेत आणि दोनशेहून अधिक वर्षांनी वंशशास्त्रज्ञांनी ती मोजणी बव्हंशी खरी ठरवावी, ही अकादियन इतिहासातील अत्यंत मोलाची गोष्ट आहे.

बेल-ईलची वसाहत नीट रुजली नाही. १७७३-७४ मध्ये पोआतू प्रांतात मार्की द पेरूसच्या माळरानावर दुसऱ्या निर्वासितांना वसवण्याचा प्रयोगही फसला आणि बहुतेक जण नाँत शहरात दानधर्मावर जगू लागले. शेवटी, तेव्हा लुईझियाना ताब्यात असलेल्या स्पेनच्या राजाने खर्च उचलला. १७८५ मध्ये सात जहाजांनी सुमारे १६०० अकादियन फ्रान्स सोडून लुईझियानाला गेले. त्यांत लब्लाँही होते. त्यांच्या आधी, १७६६ पासून, मेरीलँड आणि पेनसिल्व्हेनियात अडकलेल्या नातलगांचे गट समुद्रमार्गे न्यू ऑर्लिन्सला पोचले होते आणि मिसिसिपीच्या काठी काबानोसे आणि सें-गाब्रिएल येथे वसले होते. हे लोक ग्राँ-प्रेच्या चर्चच्या जुन्या वह्या सोबत घेऊन आले. १७०७ ते १७४८ मधील बाप्तिस्मे, लग्ने आणि दफने असलेल्या त्या वह्या हद्दपारीतून मेरीलँडला, तिथून लुईझियानाला गेल्या आणि आज बॅटन रूजच्या धर्मप्रांताच्या दफ्तरखान्यात आहेत. मिना खोऱ्यातील लब्लाँ कोणाचा कोण हे कळते ते प्रामुख्याने या वह्यांमुळे.

उत्तरेकडे परतणाऱ्यांची वाट कठीण होती. १७६४ पासून अकादियन लोकांना नोव्हा स्कोशियात राहण्याची मुभा मिळाली, पण बिनशर्त शपथ घेऊन आणि छोट्या विखुरलेल्या गटांत. त्यांच्या बांधबंदिस्तीच्या शेतांवर तोवर न्यू इंग्लंडमधून आणलेले शेतकरी बसले होते. काही लब्लाँ सेंट मेरी उपसागराच्या खडकाळ किनाऱ्यावर मासेमारीकडे वळले, काही आजच्या न्यू ब्रन्सविकमधील ममरमकूक खोऱ्यात आले, जिथे भरतीची दलदल होती आणि बांध घालता येत होते. ममरमकूकहून निघालेल्या दोन लब्लाँ भावांनी आपल्या सोबत्यांसह १७८५ च्या सुमारास बुक्तूश हे गाव वसवले. मॅसॅच्युसेट्समधील काही कुटुंबे क्वेबेकमध्ये सें-झाकला गेली. काही मिक्लाँ बेटावरून १७९३ मध्ये मादलेन बेटांवर आली. क्वेबेकमध्ये सतराव्या शतकापासून वसलेले दुसरे लब्लाँही आहेत. त्यांचा दानिएलशी संबंध नाही, त्यामुळे तिथे नुसत्या आडनावावरून निष्कर्ष काढता येत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या आरंभी न्यू इंग्लंडच्या कापड गिरण्यांकडे फ्रेंच भाषकांचे लोंढे गेले. तिथे काही लब्लाँ 'व्हाइट' झाले. नाव बदलण्यामागे मुकादमाची सोय, शेजाऱ्यांचा हेटाळणीचा सूर आणि कामाची गरज या तिन्ही गोष्टी होत्या. लुईझियानात नाव टिकले पण उच्चार हळूहळू इंग्रजी वळणाचा झाला. शाळेत फ्रेंच बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होत असे त्या काळाचा तो परिणाम. या घसरणीला विरोध करणाऱ्यांत त्या राज्याचे सिनेटर डडली लब्लाँ (१८९४–१९७१) आघाडीवर होते. हॅडाकॉल या मद्यार्कयुक्त टॉनिकच्या प्रचंड जाहिरातबाजीसाठी ते अमेरिकाभर गाजले, पण लुईझियानाच्या फ्रेंच भाषकांसाठी त्यांचे मोठे काम वेगळे आहे. १९२७ मध्ये त्यांनी अकादियन इतिहासावर पुस्तक लिहिले आणि १९३० मध्ये इव्हँजेलिनच्या वेशातील तरुणींचे पथक घेऊन ग्राँ-प्रेची यात्रा केली. तुटलेल्या दोन शाखा त्या निमित्ताने एकमेकींना भेटल्या.

ममरमकूक हे अकादियन पुनरुज्जीवनाचे केंद्र बनले. १८६४ मध्ये तिथे सेंट जोसेफ महाविद्यालय सुरू झाले आणि १८८१ मध्ये तिथेच पहिले अकादियन राष्ट्रीय अधिवेशन भरले. याच खोऱ्यात १९२७ मध्ये जन्मलेले रोमेओ लब्लाँ १९९५ ते १९९९ या काळात कॅनडाचे गव्हर्नर जनरल होते. ब्रिटिश मुकुटाच्या प्रतिनिधीने हद्दपार केलेल्या समाजातून त्या पदावर पोचलेले ते पहिले अकादियन. २००३ च्या शाही घोषणेने हद्दपारीतील हालअपेष्टांची अधिकृत दखल घेतली आणि २८ जुलै हा स्मरणदिन ठरवला. ग्राँ-प्रेचा बांधबंदिस्तीचा परिसर २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला.

आज फ्रान्स आणि क्वेबेकमध्ये हे नाव बहुधा सलग लिहितात. न्यू ब्रन्सविक, नोव्हा स्कोशिया आणि लुईझियानात रोमन लिपीतील दुसरा भाग मोठ्या अक्षराने सुरू करण्याची रीत आहे. अकादियन शाखेची पहिली काही पिढ्यांची वंशावळ माँक्टन विद्यापीठाच्या अकादियन अध्ययन केंद्रातील स्टीफन व्हाइट यांनी चर्चच्या वह्या, जनगणना आणि बेल-ईलच्या जबान्या एकमेकींशी ताडून सिद्ध केली. त्यांचा १९९९ मध्ये प्रकाशित झालेला अकादियन कुटुंबांचा वंशकोश या विषयावरील आधारग्रंथ मानला जातो.